वाट कुणाची? (ईशावास्योपनिषद, मंत्र १)



काल आपण ईशावास्याची नुसती ओळख करून घेतली. शुक्ल यजुर्वेदाचा शेवटचा, चाळिसावा अध्याय, आणि काण्व पाठात अवघे १८ मंत्र. आज पहिला मंत्र. पोथी असेल तर समोर उघडून ठेवा, फोनवर असेल तरी चालेल. (फक्त नोटिफिकेशन बंद करा!)

मंत्राचा साधा अर्थ असा: या हलत्या जगात जे जे काही हलतंय, ते सगळं ईशाने व्यापलेलं आहे. म्हणून त्यागून भोग घे. हाव धरू नकोस. धन कुणाचं आहे?

हा शेवटचा तुकडा दोन तऱ्हांनी वाचता येतो. एक, कुणाच्याही धनाची हाव धरू नकोस. दुसरा, हावच धरू नकोस, कारण धन मुळात आहे तरी कुणाचं? शंकराचार्यांनी भाष्यात दोन्ही अर्थ दिलेत. मला स्वतःला दुसरा जास्त टोचतो. का, ते शेवटी सांगते.

आधी 'त्यागून भोग' बद्दल. कॉलेजात असताना मला हे शब्दांचं कोडंच वाटायचं. सोडलं तर भोगणार काय? उत्तर मला पुस्तकात कमी आणि एका पायवाटेवर जास्त मिळालं. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलला चार दिवस राहिले होते. तिथे कच्च्या विटांची घरं आहेत, सौर ऊर्जेवर चालणारं मोठं स्वयंपाकघर आहे, आणि वस्तीच्या भोवती जंगल. रोज सकाळी भाड्याची सायकल घेऊन मी त्या जंगलातल्या लाल मातीच्या वाटेवर जायचे. वाट जेमतेम एक सायकल आणि एक माणूस जाईल एवढी. समोरून कुणी आलं की एकाने थांबायचं. पहिल्या दिवशी मी थांबले नाही, घंटी वाजवली. समोरच्या आजोबांनी हसून मलाच वाट दिली, आणि मला कानकोंडं झालं.

आता ही वाट जिथे आहे तिथे पूर्वी काय होतं बघा. २८ फेब्रुवारी १९६८ ला ऑरोविलची स्थापना झाली तेव्हा १२४ देशांतल्या तरुणांनी आपापल्या देशाची मूठभर माती आणून एका संगमरवरी कलशात घातली. पण पायाखालच्या मातीची अवस्था काय होती? उघडाबोडका लाल पठाराचा माळ. झाडं तुटलेली, गुरं-शेळ्या चरलेल्या, आणि दर पावसाळ्यात वरची माती घळींमधून थेट समुद्रात. तिकडचा मुख्य पाऊस आपल्यासारखा जून-जुलैचा नाही, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. जोरदार सरी येतात आणि माती घेऊन जातात.

सुरुवातीच्या लोकांनी झाडांच्या आधी बांध घातले. मातीचे बांध, घळींना अडवणी, पाणी जिथल्या तिथे मुरवायचं. आजूबाजूच्या तमिळ गावांतले हातही त्यात राबले. मग ऑस्ट्रेलियन अकेशियासारखी भराभर वाढणारी झाडं लावली. तिथले लोक त्याला 'वर्क ट्री' म्हणतात, म्हणजे कामकरी झाड. ते सावली देतं, पाला पाडतं, माती सुधारतं. त्याच्या सावलीत मग इथलीच मूळची, हळू वाढणारी झाडं लावायची. त्या किनाऱ्यावरचं जंगल म्हणजे सदाहरित पण कोरडं, बुटकं आणि दाट. त्याचे थोडेच तुकडे उरले होते, तेही बहुतेक देवळांभोवतीच्या देवरायांत. आपल्याकडे सह्याद्रीत जे झालं तेच तिकडे: देवाची म्हणून राखली, म्हणून राहिली. त्या झाडांमधलं एक तर आपल्या ओळखीचं निघालं, अंजनी. महाबळेश्वरला निळ्या फुलांनी बहरते ना, तीच. इतक्या लांब तिला बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

डिसेंबर २०११ मध्ये या किनाऱ्यावर 'थेन' नावाचं चक्रीवादळ धडकलं. (नाव म्यानमारने दिलेलं, इंग्रजी स्पेलिंग आपल्या ठाण्याचंच, म्हणून तेव्हा बऱ्याच जणांचा गोंधळ झाला होता.) एका रात्रीत असंख्य झाडं आडवी झाली, त्यात हे कामकरी अकेशियाही खूप. ज्यांनी वीस-तीस वर्षं ती वाढवली त्यांना त्या सकाळी काय वाटलं असेल? पण पडलेल्या झाडांमुळे ऊन खाली पोचलं, आणि सावलीत दबून बसलेली मूळची रोपं उठली. लावणाऱ्याच्या हातात लावणं होतं, राखणं होतं. झाड आपलं म्हणून धरून ठेवणं नव्हतं.

संस्कृत शिकणाऱ्यांसाठी थोडं. 'भोग घे' यासाठी मंत्रात जो धातू आहे, भुज्, त्याचे धातुपाठात दोन अर्थ दिलेत: पालन करणं आणि खाणं. व्याकरणाच्या नेहमीच्या नियमाने इथे 'उपभोग' हा अर्थ यायला हवा, पण आचार्यांनी घेतलाय 'पालन कर, राख'. ते अर्थात आत्म्याच्या रक्षणाबद्दल बोलतायत, जंगलाबद्दल नाही. जंगलापर्यंतची उडी माझी आहे, चुकली तर माझ्या पदरात. पण ज्या भाषेत राखणं आणि भोगणं एकाच मुळातून येतं, त्या भाषेत हा मंत्र कोडं राहत नाही. त्या वाटेवरून रोज चालणारा माणूस सावली भोगतो, आणि बांध फुटला तर फावडंही घेतो. ऑरोविलमध्ये घर राहणाऱ्याच्या मालकीचं नसतं, जमीनही नसते. तिथल्या सनदेचा गाभाच हा आहे की ही जागा कुणा एकाची नाही. आणि गंमत बघा, ज्यांच्या विचारावर ही वस्ती उभी राहिली त्या श्रीअरविंदांनी १९१४ मध्ये 'आर्य' मासिक सुरू केलं, तेव्हा पहिल्या अंकापासून भाष्य लिहायला घेतलं ते याच उपनिषदावर.

म्हणजे तिथे सगळं छान छान आहे का? अजिबात नाही. डिसेंबर २०२१ मध्ये शहराच्या मूळ आराखड्यातल्या गोल रस्त्यासाठी याच जंगलातली झाडं तोडली गेली. रहिवासी दोन बाजूंना. एक म्हणे, शहर वसवायचं ठरलं होतं, जंगल हा मधला टप्पा. दुसरे म्हणे, पन्नास वर्षांत उभं राहिलेलं तोडायचं कसं? प्रकरण हरित लवादात गेलं, मग सर्वोच्च न्यायालयात, आणि २०२५ मध्ये न्यायालयाने लवादाचा आदेश रद्द केला. मी कुठल्या बाजूची, हे विचाराल तर पायवाटेच्या. पण मला जास्त अस्वस्थ करतं ते वेगळंच. 'ही जागा कुणाची नाही' हे दोन्ही बाजूंना तोंडपाठ आहे. मंत्र पाठ असणं आणि कुदळ कुठे मारायची हे ठरवणं, या दोन्हींमध्ये बरंच अंतर असतं.

आता माझं. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या मागे टेकडी आहे. कंपाउंडला एक छोटं फाटक आहे, तिथून वर पायवाट जाते. पलीकडच्या वस्तीतल्या मावशी कामावर यायला तीच वाट वापरायच्या, नाहीतर मुख्य रस्त्याने पाऊण तासाचा वळसा. मागच्या वर्षी ग्रुपवर चर्चा निघाली: सेफ्टी, कचरा, "आपण मेंटेनन्स भरतो ना?" मतदान झालं. फाटकाला कुलूप लागलं, किल्ली फक्त रहिवाशांना.

मी कुलपाच्या बाजूने मत दिलं होतं. ऑरोविलहून आल्यानंतर दिलं होतं, आधी नाही. उपनिषदाचा वर्ग चालू असताना दिलं होतं. झाडं आम्ही लावली, वाट आम्ही साफ केली, म्हणून आमची. एवढं सरळ वाटलं होतं तेव्हा.

मग जूनमध्ये आमच्या मावशी पावसात भिजून, वळसा घालून उशिरा आल्या. मी म्हटलं, "मावशी, फोन करायचा ना, मी फाटक उघडलं असतं." त्या पदराने डोकं पुसत म्हणाल्या, "अहो ताई, त्या वाटेवरची करंजाची रोपं मीच लावलीयत की. माळीबुवांच्या हाताखाली होते तेव्हा."

मी काही बोलले नाही. चहा टाकला.

येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. फाटक सकाळी सहा ते रात्री आठ सगळ्यांसाठी उघडं ठेवावं, असा अर्ज मी दिलाय. आतापर्यंत तीन सह्या झाल्यात, एक माझीच. ग्रुपवर दोघांनी अंगठा खाली दाखवलाय. तुमच्याकडे असा अनुभव असेल, फाटकाचा, टेकडीचा, गच्चीच्या किल्लीचासुद्धा, तर जरूर लिहा. मला रविवारी बोलायला उपयोगी पडेल.

उद्या मंत्र २: कर्म करत करतच शंभर वर्षं जगायची इच्छा धरावी, असं ऋषी का म्हणतात ते बघू.

राम कृष्ण हरी.