तारा, वारा आणि वाळलेले वावर

परभणी जिल्ह्यात मार्च महिना लागला की ऊन तापू लागते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, पाथरी व मानवत भागात, ऊस उभा असतो. त्याच्या बुडाशी पाचट वाळलेले असते. गहू पिवळा पडून कापणीला येतो. गावाजवळ कडब्याच्या गंजी रचलेल्या असतात. अशा वेळी एक ठिणगीही पुरते.

ही ठिणगी पुष्कळदा डोक्यावरून येते. शेतातून जाणारी विजेची तार उन्हाने तापते, लांबते आणि तिला झोळ पडतो. वारा सुटला म्हणजे दोन तारा हेलकावे खातात व एकमेकींवर आदळतात. त्या क्षणी वितळलेल्या धातूचे तापलेले कण खाली पडतात. डीपीत योग्य जाडीची फ्यूजची तार असेल, तर ती लगेच वितळते आणि प्रवाह तुटतो. पण फ्यूज वारंवार जाते म्हणून काही जण तेथे जाड तार गुंडाळून ठेवतात! मग वरची तार तुटून जमिनीवर पडली, तरी प्रवाह चालूच राहू शकतो. वर्षभर राबून वाढवलेला ऊस तासाभरात जळून जातो.

यावर उपाय आहेत. सैल तारा ताणाव्या लागतात. दोन तारांमध्ये अंतर राखणारे स्पेसर बसवावे लागतात. तारांना लागणाऱ्या फांद्या तोडाव्या लागतात. ही कामे वीज चालू असताना करणे धोक्याचे असते. म्हणून महावितरण पावसाळ्यापूर्वी ठरावीक दिवशी काही तास वीज बंद ठेवते. लोक चिडतात. त्यांचेही फार चुकते असे नाही. भर उन्हाळ्यात दुपारी पंखा बंद होणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हा प्रश्न फार मोठा आहे. तेथे नोव्हेंबर २०१८ मध्ये विजेच्या एका जुन्या मनोऱ्यावरचा झिजलेला हुक तुटला आणि खालचे वाळलेले गवत पेटले. जोराच्या वाऱ्याने ती आग पसरली. पॅराडाइज नावाचे गाव काही तासांत जळाले व ८५ माणसे मेली. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, कोरडा वारा सुटणार असे दिसताच तेथील कंपनीने सात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज आधीच बंद केली. आगीचा धोका कमी झाला, पण ज्यांचा श्वास विजेच्या यंत्रावर चालतो, अशा रुग्णांचे हाल झाले.

म्हणून वीज बंद राहणार अशी सूचना मिळाली की आदल्या रात्रीच तयारी करावी. सर्वांत आधी पाणी भरावे, कारण नळाचा पंपही विजेवरच चालतो. रांजण, घागरी, बादल्या, जे असेल ते भरावे. बॅटरी व मोबाइल चार्ज करून ठेवावेत. दादीजानला इन्सुलिन लागत असेल, तर त्याची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. दळण आधीच आणावे. शेजारी कोणी एकटे राहत असेल, तर त्यालाही सांगून यावे. गंजीजवळ कंदील किंवा मेणबत्ती नेऊ नये.

तुटलेली तार दिसली तर वीज बंद आहे असे समजून जवळ जाऊ नये. माणसे व गुरे दूर ठेवून १९१२ या क्रमांकावर कळवावे.

आता मोटारीचे. पुष्कळ शेतकरी तिला ऑटोस्विच लावतात. वीज येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपीवर भार पडतो आणि फ्यूज पुन्हा जाते. त्यापेक्षा ऑटोस्विच काढून ठेवावा. वीज आल्यावर शेजारच्या चाचांची मोटार आधी सुरू होऊ द्यावी आणि थोड्या वेळाने आपली सुरू करावी.