तुरटी, चिंच आणि जावळाची लोकर

रंगीत लोकर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दुकानातील काचेच्या कपाटात रचलेले गुलाबी-निळे गुंडे येतात. त्यांतील पुष्कळशा गुंड्यांचा मेंढीशी काही संबंध नसतो. ते ॲक्रिलिकचे, म्हणजे कारखान्यात तयार केलेले धागे असतात. खात्री करायची असेल तर वीतभर धागा चिमट्यात धरून पेटवावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि बोटांनी चुरडली जाणारी राख राहते. ॲक्रिलिक असेल तर ते वितळून त्याची टणक काळी गोळी होते. हा प्रयोग मी वसतिगृहातील एका मैत्रिणीच्या स्वेटरच्या सुट्या दोऱ्यावर करून पाहिला. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

खऱ्या लोकरीची आमच्याकडे कधी वाण नव्हती. आमचे गाव माणदेशात आहे. इथल्या धनगरांचे जग व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’मुळे (१९५५) मराठी वाचकाला परिचित झाले, त्यामुळे त्याचे वर्णन मी करीत नाही. सांगायचे ते लोकरीविषयी. आमची मेंढी दख्खनी. तिची लोकर भरड असते. मेरिनो मेंढीच्या धाग्याच्या जवळजवळ दुप्पट जाड. एका मेंढीपासून वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलो लोकर निघते. स्वेटरला ती चालत नाही, अंगाला टोचते. परंतु पावसात, थंडीत आणि माळरानावर घोंगडी म्हणून तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. धनगरांच्या बायकांनी सूत कातावे, सनगरांनी खड्ड्याच्या मागावर विणावे, ताण्याला चिंचोक्यांची खळ द्यावी, अशी ही जुनी व्यवस्था होती. गिरणीची स्वस्त ब्लँकेटे आली आणि ती मोडली. आता कातरणाऱ्याला मजुरी द्यावी लागते आणि लोकर मात्र कोणी विकत घेत नाही. मग ती बांधावर टाकली जाते. पुष्कळांनी दख्खनी विकून माडग्याळ मेंढ्या घेतल्या. जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून हे नाव पडले. ही मेंढी उंच, अंगाने भारी, मांसाला चांगला भाव देणारी. अंगावर लोकर अगदी विरळ. माझ्या वडिलांनीही दोन वर्षांपूर्वी तेच केले. आज्जीच्या हट्टामुळे पाच दख्खनी मेंढ्या तेवढ्या राहिल्या आहेत. त्याही दिवाळीनंतर विकायच्या असे घरात ठरत आले होते. “पैसे देऊन कातरायची आणि बांधावर नेऊन टाकायची, ह्यो कुठला धंदा?” हा वडिलांचा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर देणे मला जमत नव्हते. लोकर रंगवून पाहण्याची कल्पना मला त्यातून सुचली.

आज्जीला ती मुळीच पटली नाही. “काळ्या लोकरीला कुठला आलाय रंग? ती रंगूनच आलीया,” असे ती म्हणाली. तिचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. काळ्या लोकरीच्या धाग्यात मुळातच काळे रंगद्रव्य भरलेले असते. वरून दिलेला रंग तिच्यावर दिसत नाही. घोंगडीला काळी लोकर पसंत, म्हणून पिढ्यान् पिढ्या काळे मेंढे राखले गेले. रंगवायची तर पांढरीच लोकर हवी. आमच्या पाचांपैकी दोन मेंढ्या पांढुरक्या आहेत. शिवाय आज्जीने कणगीमागे एक गाठोडे जपून ठेवले होते. त्यात कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ होते. ते सर्वांत मऊ असते. ते माझ्या हाती देताना तिने मान फिरवली, एवढे मला आठवते.

रंगवण्याआधी लोकर धुवावी लागते, आणि तिथेच पहिली चूक होते. धुण्याचा सोडा लोकरीला घातक आहे. कापूस आणि लोकर यांत मूलभूत भेद आहे. कापूस वनस्पतीचा, तो क्षार सहन करतो. लोकर केसासारखीच केरॅटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते. क्षाराने ती दुबळी होते, सौम्य आम्ल मात्र तिला मानवते. आज्जी घोंगडी रिठ्याच्या पाण्यात धुते, त्याचे कारण मला इथे कळले. कातलेल्या सुताच्या मी लडी केल्या, चार ठिकाणी सैल बांधल्या आणि रिठ्याच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजत घातल्या. सकाळी तळाशी माणदेशाची अर्धी माती बसली होती.

आता तुरटी. नुसत्या वनस्पतींचे बहुतेक रंग लोकरीवर टिकत नाहीत, दोन-चार धुण्यांत निघून जातात. रंग आणि धागा यांना जोडणारा तिसरा पदार्थ लागतो. त्याला रंगबंधक म्हणतात, आणि तुरटी हा त्यांतला सर्वांत जुना व सोज्वळ. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने लोकरीला आणि दुसऱ्या बाजूने रंगाच्या रेणूला धरून ठेवते. पाव किलो सुक्या सुताला मी चाळीस ग्रॅम तुरटी घेतली. पाश्चात्त्य पद्धतीत तुरटीबरोबर क्रीम ऑफ टार्टर घालतात. त्याने तुरटी धाग्यात सारखी मुरते आणि लोकर मऊ राहते. ते आमच्या गावच्या दुकानात कुठले मिळणार? पण त्यातला मुख्य घटक टार्टारिक आम्लाचा क्षार आहे, आणि टार्टारिक आम्लाने आपली चिंच भरलेली असते. मूठभर चिंच कोळून, फडक्यातून गाळून ते पाणी मी तुरटीत घातले. चिंचेचा स्वतःचा थोडा तपकिरी अंश सुताला येतो. तांबड्या आणि पिवळ्या रंगाखाली तो झाकला जातो.

हे पाणी कोमट असतानाच भिजलेली लडी त्यात सोडायची आणि आच हळूहळू वाढवत न्यायची. वाफ निघावी, बोट बुडवण्याची हिंमत होऊ नये, पण उकळी फुटू नये, इतपत. तासभर तसे ठेवून भांडे उतरवायचे आणि लडी त्याच पाण्यात निवू द्यायची. ‘निवू द्यायची’ हे शब्द मी ठळक अक्षरांत लिहायला हवे होते. पहिल्या वेळी मला धीर धरवला नाही. गरम लडी उचलून मी थेट हापशाच्या गार पाण्याखाली धरली आणि कपडे चोळावेत तशी चोळली. लोकरीच्या धाग्यावर माशासारखे सूक्ष्म खवले असतात. उष्णतेने आणि ओलाव्याने ते उघडतात. मग चोळले की एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. माझ्या लडीची दोरी झाली. आज्जीने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, “जेन कर आता ह्याचं.” जेन म्हणजे लोकर न विणता दाबून केलेली बसकर. म्हणजे मी चुकून दुसराच एक उद्योग करून बसले होते. गेले ते जावळ होते, कातायला आज्जीला आठ दिवस लागले होते. ती रागावली नाही, पण दुसरे गाठोडे तिने चार दिवस काढले नाही.

दुसऱ्या खेपेला रंग उतरला. कांद्याची वाळलेली सालपटे सुताच्या वजनाइतकी घेतली, तासभर उकळली, पाणी गाळून त्यात तुरटी दिलेली लडी सोडली. पिवळा येईल असे वाटले होते; आला तो पिकलेल्या लिंबोणीवर सायंकाळचे ऊन पडावे तसा, थोडा नारिंगीकडे झुकणारा. डाळिंबाच्या सालीचा मात्र फजितवाडा झाला. मोठे भांडे मोकळे नव्हते म्हणून मी आईची लोखंडी कढई घेतली. अर्ध्या तासात पिवळ्याचा राखाडी झाला आणि नंतर जवळजवळ काळा. डाळिंबाच्या सालीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य असते. त्याचा लोहाशी संयोग झाला की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई याच तत्त्वावर बनत असे. पुढे मी ठरवून पाव किलोला पाच ग्रॅम हिराकस वापरून पाहिला आणि कांद्याच्या त्याच पिवळ्यावर शेवाळी छटा मिळाली. हिराकस जास्त झाला तर लोकर खरखरीत आणि ठिसूळ होते, आणि मुळातच भरड असलेल्या आमच्या लोकरीला तेवढे तरी नको. रंगाची भांडी स्वयंपाकाला पुन्हा वापरू नयेत, हे आईने मला वेगळ्या शब्दांत सांगितले.

हळदीचे प्रकरण निराळे आहे. तिला रंगबंधकाची गरजच नसते. लोकरीवर ती आपण होऊन चढते. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर खोबरे आणि लोकरही उधळतात. त्या पिवळ्या धुळीत उभे राहिलेल्या माणसाच्या पांढऱ्या फेट्याचे काय होते ते ज्याने पाहिले आहे त्याला हळदीचे सामर्थ्य सांगायला नको. पण हा रंग उन्हाचा शत्रू. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर मी पाचही रंगांचे धागे ओळीने गुंडाळले, अर्धा भाग जाड कागदाने झाकला आणि दक्षिणेच्या खिडकीत महिनाभर ठेवला. कागद काढला तेव्हा हळदीच्या धाग्याचा उघडा भाग मळकट पांढरा झाला होता आणि झाकलेला भाग झेंडूसारखा पिवळा होता. कांदा थोडा फिका पडला. मंजिष्ठेचा तांबडा होता तसाच राहिला. मंजिष्ठेच्या मुळ्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. मी त्या रात्रभर भिजवल्या, सुताइतक्याच वजनाने घेतल्या आणि मंद आचेवर दोन तास ठेवल्या. तो विटकरी तांबडा पाहून आज्जी पहिल्यांदा काहीतरी बरे बोलली.

एवढे सगळे आपल्याकडे असताना ते गेले कुठे, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थिनीला पडणारच. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा विद्यार्थी हिवतापावरचे क्विनीन कृत्रिम रीतीने करू पाहत होता. क्विनीन झाले नाही. भांड्यात जांभळा रंग मिळाला. तो रेशमावर आणि लोकरीवर पक्का बसला. पर्किन त्या वेळी अठरा वर्षांचा होता, माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. माझ्या भांड्यात जे चुकून घडले त्याची दोरी झाली, त्याच्या भांड्यात जे चुकून घडले त्याचा उद्योग झाला. १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठाच्या कुळातील युरोपीय वनस्पतीचे रंगद्रव्य, अलिझारिन, प्रयोगशाळेत बनवले. १८९७ साली जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि हिंदुस्थानातील निळीची शेती काही वर्षांत ओसरली. त्या शेतीविषयी हळहळण्याचे मला कारण दिसत नाही. जिच्यापायी बंगालचे शेतकरी १८५९ मध्ये उठले आणि १९१७ मध्ये गांधीजींना चंपारणला जावे लागले, ती नीळ नैसर्गिक होती, पण शेतकऱ्याला ती पचली नव्हती. नैसर्गिक ते सारे सात्त्विक, असे मानणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

म्हणून कृत्रिम रंगही मी वर्ज्य मानले नाहीत. सुती कापडासाठी मिठाबरोबर उकळायची जी पुडी मिळते तिने लोकर फिकी आणि डागाळलेली निघाली. लोकरीला लागतात ते आम्लयुक्त पाण्यात चढणारे रंग. आम्लात लोकरीच्या प्रथिनावर धन भार येतो आणि ऋण भाराचा रंग तिकडे ओढला जातो. विशेष म्हणजे जिलबीत घालतात तो खाण्याचा रंग याच जातीचा आहे. विज्ञान शाखेतल्या एका मैत्रिणीने मला सांगितले की अन्नातील कृत्रिम रंग ओळखण्यासाठी पांढऱ्या लोकरीचा धागाच आम्लात टाकून उकळतात. मी चमचाभर जिलबीचा रंग आणि अर्धी वाटी व्हिनेगर घेऊन लडी तापवली. वीस मिनिटांत सगळा रंग लोकरीत गेला आणि भांड्यात जवळजवळ नितळ पाणी उरले. हे पाहण्यात जी मौज आहे ती लिहून सांगता येणार नाही. मात्र उन्हात हाही रंग विशेष टिकला नाही.

दसऱ्याच्या सुटीत पाच रंगांच्या पाच लडी घेऊन मी शेजारच्या गावच्या एका सनगर आजोबांकडे गेले. त्यांचा माग अजून चालतो. त्यांनी हळद आणि जिलबी बाजूला सारली, मंजिष्ठेची लडी उजेडात धरली, दातांनी धागा ताणून पाहिला. म्हणाले, “काठाला चांगला दिसंल. पर दोन किलो लागंल, आणि समदा असाच. एक लडी ताटावानी तांबडी आणि एक विटंवानी, असं चालायचं न्हाई.” माझी सगळी विद्या इथे उघडी पडली. पाव पाव किलोने आठ वेळा रंगवले तर आठ छटा येणार. मुळी वेगळी, पाणी वेगळे, आच वेगळी. सारखेपणा हवा तर सगळे सूत एका वेळी एकाच भांड्यात तुरटीत आणि एकाच भांड्यात रंगात पडायला हवे. म्हणजे लग्नाच्या स्वयंपाकाचे पातेले, तीनशे वीस ग्रॅम तुरटी आणि दोन किलो मंजिष्ठा. भांडे मिळेल, तुरटी-मंजिष्ठा विकत येईल.

लोकरीचे गणित मात्र जुळत नाही. दोन पांढुरक्या मेंढ्या, एका कातरणीला मेंढीमागे पावशेर, त्यातून धुण्यात माती जाणार. हिशेब वडिलांपुढे मांडला तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “दिवाळीची कातरणी होऊ दे, मग बघू.” मेंढ्या तोपर्यंत आहेत. आज्जीने चरख्याला तेल दिले आहे. उरलेली पांढरी लोकर गावातल्या बांधांवरच पडलेली आहे. कातरणी सुरू झाली की पोते घेऊन कोणाकोणाच्या बांधावर जायचे, याची यादी आम्ही दोघींनी करून ठेवली आहे.