मांजराची झेप : अल्लाहची निशाणी आणि आमची जबाबदारी

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेजवळचे गाव. हा सारा पट्टा ज्वारीचा. जिथे धान्य साठते तिथे उंदीर येतात आणि जिथे उंदीर येतात तिथे मांजर येते. माणूस आणि मांजर यांचे नाते मुळात याच धान्याच्या कणगीपाशी जुळले. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडला आहे. हे नाते किती जुने आहे, हे त्यावरून कळते.

या भागातील जुनी घरे जाड भिंतींची आणि वर सपाट माळवदाची. सायंकाळी अंगणात बसलेले मांजर भिंतीकडे मान वर करून पाहते, क्षणभर दबते आणि दुसऱ्या क्षणी भिंतीवर असते. तेथून माळवदावर आणि एका माळवदावरून शेजारच्या माळवदावर. आम्ही हे रोज पाहतो, म्हणूनच त्याचा विचार करत नाही.

दिव्य कुरआन मात्र रोजच्या पाहण्यातील गोष्टींकडेच आमचे लक्ष वळवतो. सूरह अल्-गाशियामध्ये उंटाची निर्मिती कशी झाली ते पाहण्यास सांगितले आहे. सूरह अन्-नूरमध्ये (आयत ४५) पोटावर सरपटणाऱ्या, दोन पायांवर आणि चार पायांवर चालणाऱ्या जीवांचा उल्लेख आहे. फिरऔनने 'तुमचा पालनकर्ता कोण?' असे विचारले तेव्हा हजरत मूसा (अलै.) यांनी दिलेले उत्तर सूरह ताहामध्ये (आयत ५०) आले आहे. त्याचा आशय असा की, ज्याने प्रत्येक वस्तूला तिची घडण दिली आणि मग तिला मार्ग दाखवला तोच आमचा पालनकर्ता. घडण आणि मार्गदर्शन हे दोन शब्द मनात ठेवून मांजराच्या झेपेकडे पाहू या.

झेपेची घडण

निरोगी, प्रौढ मांजर जागेवरून सुमारे पाच फूट उंच सहज झेपावते. त्याची खांद्यापर्यंतची उंची साधारण दहा इंच असते. म्हणजे ते आपल्या उंचीच्या सहापट वर जाते. एवढे उंच जाण्यासाठी जमीन सोडताना त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर असावा लागतो. हा वेग त्याला धावत येऊन मिळत नाही. बसल्या जागेवरून, डोळ्याचे पाते लवावे इतक्या अल्प वेळात मिळतो.

हे सामर्थ्य मागच्या पायांत आहे. मांजर दबते तेव्हा नितंब, गुडघा आणि घोटा हे तिन्ही सांधे घडी घालावी तसे मिटतात. मग मांडीचे बळकट स्नायू हे सांधे एकाच झटक्यात उलगडतात आणि लवचीक कणाही त्याच वेळी ताणला जातो. पुढच्या पायांचे काम उतरताना सुरू होते. मांजराचे गळपट्टीचे हाड अगदी लहान असते आणि माणसाप्रमाणे ते खांद्याच्या हाडाशी जखडलेले नसते. त्यामुळे उतरतानाचा धक्का खांद्याचे स्नायू झेलतात.

ही झाली घडण. मार्गदर्शन याहून सूक्ष्म आहे. मांजर झेप घेण्यापूर्वी थांबते, डोळ्यांनी अंतर जोखते, मागचे पाय नीट रोवते, आणि जागा आवाक्याबाहेरची वाटली तर पुष्कळदा मागे फिरते. हे त्याला कोणत्याही शाळेत शिकवलेले नाही.

पडताना हवेतच वळून पायांवर येण्याची त्याची क्षमता तर शास्त्रज्ञांनाही कोड्यात टाकणारी ठरली. फ्रान्समधील एतियेन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये पडणाऱ्या मांजराची लागोपाठ छायाचित्रे घेतली, तेव्हा त्यातील क्रम दिसला. मांजर कमरेत वाकते, शरीराचा पुढचा भाग आधी वळवते आणि मागचा भाग त्यापाठोपाठ आणते. पिल्लात ही क्षमता जन्मापासून नसते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती दिसू लागते आणि सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत पक्की होते.

झेप म्हणजे उपजीविका

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सूरह हूदमध्ये (आयत ६) सांगितले आहे की, पृथ्वीवरील प्रत्येक जीवाच्या उपजीविकेची जबाबदारी अल्लाहने घेतली आहे. मांजराला ही उपजीविका कशी मिळते? ते शेत पिकवत नाही आणि साठाही करत नाही. त्याचा रिज्क त्याच्या झेपेच्या टप्प्यात ठेवलेला आहे. उंदरावर पडणारी झडप, कुत्र्यापासून जीव वाचवणारी भिंतीवरची उडी, पिल्लांना तोंडात धरून उंच जागी नेण्याचे बळ, ही सारी त्याच्या पालनकर्त्याने लावलेली व्यवस्था आहे.

हे ध्यानात घेतले की एका सुप्रसिद्ध हदीसचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये आले आहे की, एका स्त्रीला मांजरामुळे शिक्षा झाली. तिने मांजराला कोंडून ठेवले आणि त्यातच ते मेले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिचा अपराध दोन अंगांनी सांगितला : तिने त्याला स्वतः खाऊ-पिऊ घातले नाही आणि जमिनीवरील किडामुंगी खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही. दुसरे अंग आम्ही बहुधा विसरतो. मोकळे असते तर त्या मांजराने स्वतःचे पोट भरले असते. त्या स्त्रीने, अल्लाहने त्याला दिलेला उपजीविकेचा मार्गच बंद केला. ज्याने हा मार्ग बंद केला, त्याच्यावर त्या जीवाच्या भुकेची पूर्ण जबाबदारी येते.

याउलट हजरत अबू कतादा (रजि.) यांचा प्रसंग पाहा. त्यांच्या सूनबाई हजरत कबशा (रजि.) यांनी त्यांच्या वुजूसाठी पाणी ओतले. तेवढ्यात मांजर आले, तेव्हा त्यांनी भांडे कलते करून त्याला पाणी पिऊ दिले. सूनबाई आश्चर्याने पाहत राहिल्या, तेव्हा त्यांनी प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली की मांजर अपवित्र नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. (मुवत्ता, अबू दाऊद, तिर्मिजी)

आमच्या घरातील चार चुका

पहिली चूक मुलांच्या खेळातली. 'मांजर कसेही टाकले तरी चार पायांवर पडते' हे ऐकून मुले त्याला माळवदावरून किंवा गच्चीवरून खाली टाकतात आणि मोठी माणसे हसतात. न्यू यॉर्कमधील पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेक वाचली हे खरे. परंतु बहुतेकांच्या छातीला इजा झाली होती आणि अनेकांचे पाय मोडले होते. पायांवर पडणे म्हणजे इजा न होणे नव्हे. लहान पिल्लाला तर हवेत वळताही येत नाही. अल्लाहने जीव वाचवण्यासाठी दिलेली क्षमता आम्ही करमणुकीसाठी तपासू नये.

दुसरी चूक पिल्ले गोणीत भरून गावाबाहेर सोडण्याची. आईचे दूध पिणाऱ्या पिल्लाला झेप येत नाही, म्हणजे शिकारही येत नाही. अशा पिल्लाला माळावर सोडणे आणि 'अल्लाह त्याला देईल' असे म्हणणे हा तवक्कुल नव्हे. त्याचा रिज्क त्याच्या आईच्या दुधात होता. त्यापासून तोडणारे आम्हीच. पिल्ले मोठी होईपर्यंत आईजवळ राहू द्यावीत, नंतर सांभाळणारे घर पाहावे.

तिसरी चूक उघड्या हौदाची. उन्हाळ्यात पाणी साठवण्याचे गुळगुळीत सिमेंटचे हौद आणि टाक्या उघड्या राहतात. झेपेसाठी पायाखाली घट्ट जमीन लागते. पाण्यात ती नसते, म्हणून पाच फूट उडणारे मांजर दोन फूट खोल पाण्यातही बुडते. हौदावर झाकण ठेवावे. ते शक्य नसेल तर एखादी फळी तिरपी टाकावी किंवा ओले गोणपाट काठावरून आत सोडून बांधावे. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून बुटात पाणी आणणाऱ्या माणसाला अल्लाहने क्षमा केल्याचे हदीसमध्ये आहे. एक फळी टाकण्याचे कष्ट त्यापुढे किती थोडे!

चौथी चूक शहरातील सदनिकांत दिसते आणि ती प्रेमापोटी होते. मांजराला घरातच ठेवून दिवसभर खाऊ घातले जाते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात २००२ मध्ये १८ मांजरांवर झालेल्या अभ्यासात दिसले की, मागचे पाय जितके लांब तितका झेपेचा वेग अधिक, आणि अंगातील चरबी जितकी जास्त तितका तो कमी. मांजर घरातच ठेवायचे असेल तर त्याला माफक खाणे, चढण्या-उतरण्यासाठी जागा आणि सज्जाला जाळी द्यावी.

शिंक्याचा धडा

'शिंके तुटले आणि बोक्याचे फावले' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. ती सहसा आयत्या लाभासाठी वापरतात. पण शिंके मुळात का टांगले जाई, याचा विचार करा. आमच्या आजी-पणजींनी मांजराची झेप नजरेने जोखली आणि दूध-दही त्याच्या टप्प्यापलीकडे टांगले. त्यांनी आपल्या वस्तूचे रक्षण केले आणि मांजराचा पाय मोडला नाही. न्यायाची हीच रीत आहे. दूध सांडले की मांजराच्या पाठीत लाकूड घालणारा माणूस स्वतःच्या निष्काळजीपणाची शिक्षा मुक्या जीवाला देतो.

सूरह अल्-अन्आममध्ये (आयत ३८) पृथ्वीवरील प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय असल्याचे सांगितले आहे. आज सायंकाळी मुलांना अंगणात बसवा आणि मांजराची एक झेप शांतपणे पाहू द्या. नंतर त्यांना तीन प्रश्न विचारा : हे सामर्थ्य त्याला कोणी दिले? कशासाठी दिले? आणि आपल्या घरात असे काही आहे का, ज्यामुळे त्याचा हा मार्ग बंद होतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांबरोबर आपणही शोधावे आणि त्याच दिवशी हौदावर झाकण ठेवावे.

अल्लाह आम्हा सर्वांना त्याच्या निशाण्यांवर चिंतन करण्याची आणि त्याच्या मुक्या जीवांशी दयेने वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.