हृदय थांबते तेव्हा : अनित्यता, अप्पमाद आणि रुग्णसेवा



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाची पहिली खरी कसोटी आजारपणात लागते. घरात सर्व सुरळीत असते तोवर त्रिशरण-पंचशील म्हणणे सोपे असते. परंतु धडधाकट माणूस एकाएकी जमिनीवर कोसळला की घर हादरते. मग शेजारी कुजबुजतात, कधी आपलेच वडीलधारे उघड म्हणतात, "कुळाचे देव सोडले, त्याचे हे फळ आहे." आणि ज्या घरातून देवांचे टाक बाहेर गेले, त्या घरात अंगारा, लिंबू आणि भगत मागच्या दाराने परत येतात. भीती माणसाला मागे ओढते.

म्हणून या पाठात आपण एका घटनेचा अभ्यास करणार आहोत. घटना दूरदेशची आहे, परंतु तिच्यातील प्रश्न आपल्या घरातलाच आहे.

कोपनहेगन येथील घटना

१२ जून २०२१. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. युरोपीय फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्क आणि फिनलंड यांचा सामना चालू होता. पहिला अर्धा भाग संपायला थोडाच वेळ उरला होता. डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन हा २९ वर्षांचा खेळाडू चेंडू घेण्यासाठी पुढे आला आणि कोणाचाही धक्का न लागता जमिनीवर पडला. त्याचे हृदय बंद पडले होते.

पुढची काही मिनिटे नीट लक्षात घ्या. पंच अँथनी टेलर यांनी खेळ ताबडतोब थांबवून डॉक्टरांना मैदानात बोलावले. कर्णधार सिमोन केअर धावत एरिक्सनजवळ पोहोचला. डॉक्टरांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवले आणि विजेच्या झटक्याच्या यंत्राने हृदयाचा ठेका परत आणला. हे चालू असता डेन्मार्कच्या खेळाडूंनी आपल्या सोबत्याभोवती कडे केले. हजारो प्रेक्षक आणि दूरदर्शनचे कॅमेरे समोर होते. त्या अवस्थेत आपल्या माणसाचा तमाशा होऊ नये म्हणून ते बाहेर तोंड करून उभे राहिले. काहींच्या डोळ्यांत पाणी होते, तरी कडे सुटले नाही. एरिक्सनची जोडीदार मैदानात आली तेव्हा केअर आणि गोलरक्षक कॅस्पर श्मायकेल यांनी तिला धीर दिला. स्टेडियममध्ये फिनलंडचे पाठीराखे "ख्रिश्चन" अशी हाक देत आणि डेन्मार्कचे पाठीराखे "एरिक्सन" असा प्रतिसाद देत. प्रतिस्पर्धी म्हणून आलेली माणसे एका माणसाच्या प्राणासाठी एक झाली.

मैदानाबाहेर नेताना एरिक्सन शुद्धीवर आला होता. त्याला जवळच्याच रुग्णालयात नेण्यात आले. पुढे त्याच्या छातीत एक लहान यंत्र बसवले गेले. हृदयाचा ठेका पुन्हा बिघडलाच तर ते आतूनच विजेचा झटका देते.

ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, "त्याचे आयुष्य बळकट होते." आपण असे म्हणून थांबायचे नाही. तो का वाचला याची कारणे शोधायची. कारणावाचून कार्य होत नाही, हीच तर प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण आहे.

हा कोप कोणाचा?

हृदय हा स्नायूंचा पंप आहे. तो विजेच्या सूक्ष्म लहरींवर चालतो. त्या लहरींचा ठेका एकाएकी बिघडला तर हृदय नुसते थरथरते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. यालाच हृदय बंद पडणे म्हणतात. आपण ज्याला हार्ट अटॅक म्हणतो तो यापेक्षा वेगळा. त्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते, छातीत दुखते, घाम सुटतो आणि माणूस बहुधा शुद्धीवर असतो. मात्र अटॅकमुळेही पुढे हृदय बंद पडू शकते, म्हणून तेव्हाही वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

आता विचार करा. एरिक्सनने कोणते कुलदैवत सोडले होते? कोणता नवस फेडायचा राहिला होता? हृदयाच्या विजेला जात कळत नाही, धर्म कळत नाही. जे देव मानतात त्यांचीही हृदये बंद पडतात, जे मानत नाहीत त्यांचीही पडतात. तेव्हा "देव सोडले म्हणून झाले" हे म्हणणे तपासाच्या कसोटीवर एक क्षणही टिकत नाही.

दुसरे म्हणणे अधिक फसवे आहे : "हे पूर्वजन्मीचे पाप आहे." पुष्कळांना वाटते की हे तर बौद्ध मतच झाले. तसे नाही. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने भगवान बुद्धांना हाच प्रश्न विचारला होता. माणसाला जे जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळे, असे काही जण सांगतात, त्याविषयी आपले मत काय? बुद्धांनी पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतूंचा बदल, शरीराची हेळसांड, आघात अशी अनेक कारणे मोजून दाखवली. कर्म हे त्यांतले केवळ एक म्हणून सांगितले. सर्व दुःखाचा भार पूर्वकर्मावर टाकणारे लोक प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे जातात, असा त्यांचा निर्वाळा होता.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वकर्माच्या या कल्पनेवर कठोर प्रहार केला आहे. गरिबाचे दैन्य आणि दलिताचे दुःख त्याच्याच मागच्या जन्माच्या माथी मारले की समाज आणि राज्य जबाबदारीतून मोकळे होतात, हे त्यांनी दाखवून दिले. आजाराचेही तसेच आहे. पाप म्हटले की उपचार थांबतो. कारण म्हटले की उपचार सुरू होतो.

अनित्यता शिकवते काय?

एरिक्सनसारख्या खेळाडूची वारंवार तपासणी होत असते. त्याचे शरीर म्हणजे वर्षानुवर्षांच्या मेहनतीचे फळ. तरीही ते पडले. सर्व संस्कार अनित्य आहेत हे आपण वंदनेत ऐकतो, येथे ते डोळ्यांनी दिसते.

परंतु अनित्यतेचा अर्थ "जे व्हायचे ते होणारच" असा करू नका. तो दैववाद झाला. पुढील उदाहरणे पाहा. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधील लियों येथे कॅमेरूनचा २८ वर्षांचा मार्क-व्हिव्हियन फोए सामना खेळताना कोसळला आणि मरण पावला. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन पडला, तो वाचला नाही. मैदानावर पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती अशी टीका तेव्हा झाली. याउलट १७ मार्च २०१२ रोजी लंडनमध्ये बोल्टन संघाचा २३ वर्षांचा फॅब्रिस मुआम्बा पडला. प्रेक्षकांत बसलेले एक हृदयरोगतज्ज्ञ खाली धावत आले. त्याचे हृदय तब्बल ७८ मिनिटे स्वतःहून चालत नव्हते, पण प्रयत्न थांबले नाहीत आणि तो वाचला.

सर्व प्रयत्न करूनही माणूस जाऊ शकतो, हे मान्य करण्याचे धैर्य धम्म देतो. पण प्रयत्नात कसूर न करणे हाही धम्मच. तथागतांनी महापरिनिर्वाणसमयी भिक्खूंना जो शेवटचा उपदेश केला त्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. सर्व काही नाशवंत आहे, आणि म्हणूनच अप्पमादाने, म्हणजे जागरूकपणे, कार्य करावे.

स्पर्शाचा धम्म

आता आपल्या समाजाच्या इतिहासाकडे वळू. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणीवजा लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीगत नोंदवली आहे. ती त्या शिक्षकाच्या पत्राच्या रूपाने १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आली होती. त्याची पत्नी बाळंत झाली आणि पुढे आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्य वस्तीत येईना. बऱ्याच विनवण्यांनंतर आला तो रुग्णाला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने पत्नीला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने रुग्णाला हातही लावला नाही. ती बाई मरण पावली.

ही हकीगत आणि कोपनहेगनचे मैदान शेजारी शेजारी ठेवून पाहा. बंद पडलेले हृदय चालू करण्यासाठी दोन्ही हात रुग्णाच्या छातीवर ठेवून सर्व जोर लावावा लागतो. दुरून, मधल्या माणसाच्या हातून, ते होत नाही. जो समाज माणसाला शिवत नाही तो माणसाला वाचवूही शकत नाही. आपण ज्या धर्मातून बाहेर पडलो तो का सोडला, याचे हे एक पुरेसे उत्तर आहे.

आणि ज्या धम्मात आलो त्याचे उत्तर विनयपिटकात आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडून होता. त्याने इतरांसाठी काही केले नव्हते, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. त्यांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. मग भिक्खूंना एकत्र करून समजावले की येथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला बुद्धांची सेवा करावीशी वाटते त्याने रुग्णाची सेवा करावी, असा आदर्श त्यांनी घालून दिला. ते कडे करून उभे राहिलेले खेळाडू बौद्ध नव्हते, पण त्यांची कृती करुणेची होती. करुणा कोणाच्याही अंगी दिसो, बौद्धाने ती ओळखावी आणि शिकावी.

आपल्या घरी काय करावे?

करुणेला ज्ञानाची जोड नसेल तर ती नुसती रडारड होते. म्हणून घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने पुढील गोष्टी पाठ कराव्यात.

१. माणूस कोसळला तर खांद्यावर थोपटून मोठ्याने हाक मारा. तो प्रतिसाद देत नसेल तर श्वास पाहा. त्यासाठी १० सेकंदांहून अधिक वेळ घालवू नका. मधूनच आचके देणे म्हणजे श्वास घेणे नव्हे.

२. दुसऱ्याला लगेच १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा. एकटे असाल तर आधी फोन करा.

३. त्याला कठीण जागेवर उताणे निजवा. छातीच्या मधोमध एका हाताच्या तळव्याची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात ठेवा. कोपरे ताठ ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या.

४. मदत येईपर्यंत थांबू नका. थकाल, म्हणून दोन-दोन मिनिटांनी माणूस बदला. उशिराच्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची आशा झपाट्याने कमी होते.

५. श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, अशा माणसाला कुशीवर वळवा.

६. तोंडात पाणी घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. अंगारा लावण्यात आणि भगताला बोलावण्यात मिनिटे घालवू नका.

७. गर्दी मागे हटवा. रुग्णाचे कपडे सावरा, आडोसा करा. मोबाईलवर चित्रण करणाऱ्याला थांबवा.

लहान मुलांची पद्धत थोडी वेगळी आहे. ती आणि हे सर्व प्रत्यक्ष शिकण्यासाठी आपल्या विहारात एखाद्या रविवारी वंदनेनंतर डॉक्टर किंवा परिचारिका यांना बोलवा. वाचून पोहता येत नाही, तसेच हेही आहे. घरातल्या स्त्रियांना आणि शाळकरी मुलांना मागे ठेवू नका. संकटकाळी घरात बहुधा तेच असतात.

संकटानंतरचे जीवन

इटलीतील नियमांनुसार छातीत यंत्र असलेल्या एरिक्सनला तेथे खेळता येईना. डिसेंबर २०२१ मध्ये इंटर मिलान संघाशी असलेला त्याचा करार संपला. त्याने नशिबाला दोष दिला नाही. पुढे इंग्लंडमधील ब्रेंटफर्ड संघाकडून फेब्रुवारी २०२२ मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. १६ जून २०२४ रोजी त्याच युरोपीय स्पर्धेत स्लोव्हेनियाविरुद्ध त्याने गोल केला. मुआम्बाला मात्र वैद्यकीय सल्ल्याने खेळ कायमचा सोडावा लागला, आणि त्याने तो सोडला. एकाने खेळ पुन्हा धरला, एकाने सोडला. दोघांनीही डॉक्टरांचे ऐकून, शरीराची मर्यादा ओळखून निर्णय केला. आपल्याकडे बरे वाटले की गोळ्या बंद करून नवस फेडायला निघतात. गोळ्या चालू ठेवणे हा त्याहून मोठा पुरुषार्थ आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

कुटुंबाने एकत्र बसून यांवर बोलावे.

१. आपल्या घरात मागील आजारपणात कोणी कोणत्या जुन्या समजुतींकडे वळले? त्यामागे कोणती भीती होती?

२. सर्व दुःख पूर्वकर्मामुळे, हे मत बुद्धांनी का नाकारले?

३. आपल्या वस्तीत असा कोणी रुग्ण आहे काय, ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही? या आठवड्यात त्याच्याकडे कोण जाईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहू नका. ते पायांनी चालत जाऊन द्या.

नमो बुद्धाय! जय भीम!