समुद्रातील तेलविहीर : वेधन आणि पारख

शेतातील विंधण विहिरीस पाणी लागले, तरी ते उन्हाळ्यात टिकेल काय, हा प्रश्न उरतोच. समुद्रातील तेलविहिरीचेही तसेच असते. तेल लागणे ही एक गोष्ट आणि तेलक्षेत्र हाती येणे ही दुसरी.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवरील ‘बॉम्बे हाय’, म्हणजेच आजचे ‘मुंबई हाय’, हे याचे उत्तम उदाहरण होय. भूकंपीय सर्वेक्षणात परावर्तित लहरींवरून तेथील थरांची घुमटाकार रचना समजली होती. परंतु तीत तेल आहे की केवळ खारे पाणी, हे वेधनावाचून कळणे शक्य नव्हते. जपानमध्ये बांधलेला ‘सागर सम्राट’ हा वेधनमंच तेथे नेण्यात आला. सुमारे ७५ मीटर खोल पाण्यात त्याचे पाय तळाशी टेकवून मंच लाटांच्या वर उचलला गेला. फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले.

वेधनाच्या वेळी पोलादी नळांच्या टोकाशी दातेरी बिट फिरत असते. नळांतून विशिष्ट चिखल दाबाने खाली सोडतात. तो बिट थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि आपल्या भाराने थरांतील तेल व वायू रोखून धरतो. चिखल हलका पडल्यास वायू उसळून आगीचा धोका संभवतो; फार जड झाल्यास खडकास भेगा पडून तो त्यात जिरतो. म्हणून त्याच्या घनतेची तपासणी सतत चालते. विहिरीच्या मुखाशी संकटकाळी बंद करावयाच्या भक्कम झडपा असतात.

यानंतर पारख. वर आलेल्या चुऱ्यातील तेलाचे अंश ही पहिली खूण. निवडक खोलीवरून खडकाचे अखंड गाभे काढून त्यांतील छिद्रे किती व ती परस्परांस जोडलेली आहेत काय, हे पाहतात. मग विहिरीत मापन-उपकरणे उतरवितात. खारे पाणी विजेस वाट देते, तेल अडविते. या फरकावरून थरात काय आहे याचा अंदाज बांधता येतो. अखेरीस विहीर काही काळ वाहू देऊन प्रवाह मोजतात, ती बंद करतात आणि दाब पुन्हा कसा चढतो ते नोंदवितात. थोडे तेल काढताच दाब कायमचा घटला, तर साठा लहान असल्याची शंका येते.

एका विहिरीच्या साक्षीवर सर्व क्षेत्राचा निवाडा करता येत नाही. साठ्याची सीमा ठरविण्यासाठी आणखी विहिरी घ्याव्या लागतात. त्यांतील एखादी कोरडी निघाली, तरी तेल कोठे संपते हे तीच सांगते.

बॉम्बे हायमधून प्रत्यक्ष उत्पादन २१ मे १९७६ रोजी सुरू झाले. शोध आणि उत्पादन यांमधील सव्वादोन वर्षांत पुढील विहिरींचे वेधन व पारख झाली, उत्पादनाची सिद्धता झाली. शोधाची वार्ता एका दिवसाची असते. तिची किंमत या परिश्रमांनीच ठरते.