तंतू आणि राळ

आपल्याकडे जुन्या घरांच्या भिंती लिंपताना मातीत कुटार कालवितात, हे मावल्याच्या मुलांना सांगावयास नको. नुसती माती वाळली की आकसते व तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात काळ्या रानाची होते तीच दशा. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. काडीचे याच्या उलट आहे. ती दाबली तर वाकते, परंतु दोन्ही टोके धरून ओढली तर सहजी तुटत नाही. मातीच्या पोटातील अशा असंख्य काड्या ताण आपल्यावर घेतात.

पितळेत तांबे व जस्त एकजीव होतात. भिंतीत मात्र माती मातीच राहते व काडी काडीच. आपापले गुण न सोडता एकत्र नांदणाऱ्या अशा पदार्थांना संमिश्र पदार्थ म्हणतात. कारखान्यांतून ‘कॉम्पोझिट’ हाच शब्द रूढ आहे.

तेथे काडीची जागा बहुधा काचेने घेतली आहे. ठिसूळ काच ताण कशी सोसणार? काचेचा ठिसूळपणा मुख्यतः तिच्या पृष्ठावरील सूक्ष्म चिरांमुळे असतो. वाळू, चुनखडी इत्यादी द्रव्ये सुमारे १४०० अंश सेल्सियसला वितळवून बारीक छिद्रांतून वेगाने ओढली, म्हणजे केसाहूनही बारीक तंतू निघतो. त्यावर मोठ्या चिरेस जागाच नसते. म्हणून तो ओढीस चिवट ठरतो. मातीचे काम राळ करते. तिच्यात हार्डनर मिसळले की ती आपोआप तापून कठीण होते. साच्यावर काचेचे कापड अंथरावे, राळ लावावी, रोलर फिरवावा आणि पुन्हा कापड अंथरावे, अशी ही थरांची विद्या आहे.

तिचा एक उत्तम नमुना माझ्या कोंकणी मुलखात घडला. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात भारतीय नौदलासाठी ‘म्हादई’ ही ५६ फुटी शिडाची नौका बांधली गेली. मध्ये लाकूड, दोन्ही अंगांस काचतंतू व राळ, अशी तिची घडण. पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन कागदांमधील नागमोडी कागद जी ताठरता आणतो, तीच येथे लाकूड आणते. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात दिलीप दोंदे यांनी ह्या नौकेतून, वाटेत चार बंदरे घेऊन, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसे करणारे ते पहिले भारतीय होत.

अशा समुद्रात नौकेचा जीव थरांच्या सांध्यात असतो. राळ कमी पडली किंवा हवेचा बुडबुडा आत राहिला, तरी वरून सारे गुळगुळीतच दिसते. मग कारागीर नाण्याने टकटक करून पाहतात. निरोगी भाग खणखणीत वाजतो, सुटलेला थर बद्द वाजतो. बाजारात माठ घेताना आई टिचकी मारते, ती याच विद्येची!

घासताना उडणारी काचेची धूळ अंगास खाज आणते व श्वासाबरोबर आत गेल्यास अपाय करते. राळेची वाफही बाधते. मुखपट्टी व खेळती हवा यांवाचून हे काम करणे म्हणजे कामगाराच्या छातीवर कारखाना चालविणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक अडचण आहे. फुटके पितळी भांडे मोडीत घालून पुन्हा ओतता येते. पडकी भिंत पावसात मातीस मिळते. घट्ट झालेली ही राळ मात्र पुन्हा वितळत नाही. पवनचक्क्यांची जुनी पाती अशीच पडून राहतात. जर्मनीत त्यांचे तुकडे सिमेंटच्या भट्टीत घालतात; राळ जळण म्हणून उपयोगी पडते आणि काचेची राख सिमेंटमध्येच मिसळते.