आजीचे इस्टेशन आणि आमचे इंग्रजी शब्द



इंग्रजी म्हटले की पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. आमच्या वडिलांच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचे. सन २००० पासून आपल्या महाराष्ट्रात ते पहिलीपासूनच शिकवतात. घरी मला काही अडले की आई म्हणते, "मला न्हाई बाबा येत, बाईंना इचार." पण आईला येते! मी एका रविवारी वही घेऊन तिच्या मागे हिंडलो आणि ती बोलेल तो इंग्रजी शब्द लिहून घेतला. स्वयंपाकघरात कुकर, मिक्सर, गॅस, कप. शेतात पंप, मोटर, पाईप, स्टार्टर, फ्यूज, ट्रॅक्टर. संध्याकाळपर्यंत ४७ शब्द झाले. आईला खरेच वाटेना.

आपल्या जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना काढला. तो १९५० साली सुरू झाला. असे कारखाने झाले तसे शेअर, चेअरमन, टन, बॉयलर, शिफ्ट हे शब्द घरोघरी आले. त्यात मला चिटबॉय हा शब्द फार आवडतो. उसाची नोंद करतो, तोडीची चिठ्ठी आणतो तो चिटबॉय. यातला बॉय इंग्रजांचा, आणि चिट? बाईंनी सांगितले की आपल्याकडच्या चिठ्ठीवरूनच इंग्रजांनी चिट केले. म्हणजे आपलाच शब्द साहेबाकडे जाऊन परत आला.

आता अवघड गोष्ट सांगतो. काही शब्द कानाला ओळखीचे लागतात पण फसवतात. पहिलीतल्या मुलांना बाई 'काऊ' म्हणाल्या की ती कावळ्याच्या चित्रावर बोट ठेवतात. इंग्रजीत काऊ म्हणजे गाय. फूल म्हणजे मूर्ख, म्हणून कुणाला गुलाब देताना जपून बोला. सगळ्यात फसवा शब्द 'ही'. आपण म्हणतो ही ताई, पण इंग्रजीत ही म्हणजे तो. म्हणून बरीच मुले ताईला 'ही' लिहितात. त्याला आमच्या वर्गाने युक्ती काढली आहे. सिस्टरला सुरुवातीला एस, 'शी' लासुद्धा सुरुवातीला एस. शी इज माय सिस्टर. एस काढला की उरतो ही, तो ब्रदर.

असे फसणे फक्त मराठी मुलांचेच होते असे नाही. स्पेन, मेक्सिको या देशांत स्पॅनिश भाषा बोलतात. त्या मुलांना इंग्रजी शिकताना हॉस्पिटल, डॉक्टर, अ‍ॅनिमल हे शब्द फुकटच मिळतात, कारण त्यांच्या भाषेत ते त्याच अक्षरांनी लिहितात. पण त्यांच्याकडे 'सोपा' म्हणजे सूप, म्हणून इंग्रजी 'सोप' ऐकला की त्यांना जेवण आठवते. तो तर साबण! आपल्याला सोपा म्हणजे सोपाच.

आणि एक गंमत. आमची आजी स्टेशनला इस्टेशन म्हणते, स्टोव्हला इष्टो. पोरे हसतात. पण स्पॅनिशमध्ये शाळेला एस्क्वेला आणि स्टेशनला एस्तासिओन म्हणतात. शब्दाच्या सुरुवातीला स आणि त्याला चिकटून दुसरे अक्षर आले की त्यांच्या जिभेला आधी 'ए' लागतोच. इंग्रजी शिकतानाही ते स्कूलला एस्कूल म्हणून जातात. एवढी मोठी माणसे म्हणतात, मग आजीला हसायचे काय कारण? तिला शब्द येतो, अर्थही येतो. पुढचा 'इ' तेवढा काढायचा. मी तिला म्हणालो, "आजी, आधी साप फुसफुसतो तसं स्स कर, मग टेशन म्हण." तिने चार वेळा केले आणि पाचव्यांदा बरोबर आले. मग म्हणाली, "पर गाडी तर तीच येनार ना?"

आमच्या बाई रोज फळ्यावर ५ शब्द लिहितात. नुसते घोकून ते टिकत नाहीत असे माझे मत आहे, सोमवारी पाठ केले की गुरुवारी गेले. वर्गात आम्ही दाराला, खिडकीला, घड्याळाला नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात, ते मात्र विसरत नाही. दुसरे म्हणजे शब्दांची साखळी. पेन म्हटले की शेवटच्या एन वरून नेस्ट, नेस्टच्या टी वरून टेबल. टेबलच्या शेवटी ई आहे, पण तो बोलताना ऐकू येत नाही. इथेच पुष्कळ जण एल वरून लॅम्प म्हणतात आणि बाद होतात. बरोबर उत्तर एग. ही साखळी जेवताना घरीसुद्धा खेळता येते, पाटी लागत नाही.

पालकांनो, या भित्तिपत्रकाखाली खोक्याचा डबा ठेवला आहे. तुम्ही रोज बोलता असे इंग्रजी शब्द चिठ्ठीवर मराठीत लिहून त्यात टाका, जसे बोलता तसेच. इस्टेशन असेल तर इस्टेशनच. लिहिता येत नसेल तर चौथीतल्या कुणालाही सांगा, आम्ही लिहून घेऊ. पुढच्या शनिवारी डबा उघडून इंग्रजी स्पेलिंगसह सगळे शब्द इथेच लावणार आहोत. आईचे ४७ मी आधीच टाकले आहेत.

— इयत्ता चौथी, जि. प. प्राथमिक शाळा